मौन चोराच्या पथ्यावर

शनिवारची संध्याकाळ. देवापुढे समई लागलेली आहे. निवृत्त मुख्याध्यापक आरामखुर्चीत वर्तमानपत्र चाळत बसले आहेत. भ्रमणध्वनी वाजतो. पलीकडचा तरुण अदबीने बोलतो, ‘सर’ म्हणून संबोधतो, बँकेचे नाव सांगतो आणि कार्डाचे शेवटचे चार अंकही बिनचूक सांगतो. ‘‘सर, आपल्या कार्डाची मुदत संपत आली आहे. आज नूतनीकरण झाले नाही, तर निवृत्तिवेतन अडकेल.’’ चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना वक्तशीरपणा शिकवलेला हा माणूस. काम लांबणीवर टाकणे त्याच्या स्वभावात नाही. सर कार्ड काढतात. पूर्ण क्रमांक सांगतात, मागचे तीन अंक सांगतात, पाठोपाठ आलेले ओटीपीही सांगतात. पाच मिनिटांत १ लाख ४० हजार रुपये खात्यातून गेलेले असतात.

फसवणुकीचा पहिला अंक इथे संपतो. दुसरा त्याच रात्री घरात सुरू होतो. सर पानावर बसतात, पण घास उतरत नाही. ‘‘अहो, बरं वाटत नाही का?’’ या प्रश्नाला ‘‘काही नाही, जरा डोकं दुखतंय’’ एवढेच उत्तर मिळते. बेंगळुरूच्या मुलाला कळवावे, तर तो म्हणणार, ‘‘बाबा, तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं!’’ शेजारी कळले, तर गावभर होणार. ज्यांनी गावाला शहाणे केले, तेच फसले म्हणून लोक हसणार. रविवारही तसाच जातो. त्या रविवारी एका परदेशी संकेतस्थळावर त्याच कार्डाच्या क्रमांकाने आणखी ६० हजारांची खरेदी होते. तिला ओटीपीही लागत नाही. मुलीकडे अमेरिकेला जाताना सरांनी कार्डावरील परदेशी व्यवहार सुरू करून घेतले होते. परतल्यावर ते बंद करायचे राहून गेले होते. सोमवारी बाई पासबुक भरून आणतात, तेव्हा घराला सारे समजते.

हे सर कोणी एक व्यक्ती नव्हेत आणि हे घर कोणत्या एका गावचे नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही नगरात, कोणत्याही आळीत ते दाखवता येईल. या कथेतील दोन रकमा मात्र वेगवेगळ्या वाचल्या पाहिजेत. पहिले १ लाख ४० हजार भोळ्या विश्वासामुळे गेले. पुढचे ६० हजार मौनामुळे गेले. कार्डाच्या फसवणुकीविषयी आज जे जे सांगितले जाते, ते बहुतेक पहिल्या रकमेविषयी असते: पिन सांगू नका, ओटीपी देऊ नका. ते आवश्यकच आहे. परंतु दुसऱ्या रकमेविषयी, म्हणजे घराघरातल्या त्या अपराधी शांततेविषयी, फारसे कोणी बोलत नाही. चोरांचे निम्मे भांडवल मात्र तीच आहे.

शहाणेही फसतात

फसणारा मूर्ख असतो, हा समज प्रथम टाकून दिला पाहिजे. केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले होते. २०२४ मध्ये हा आकडा २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिपटीहून अधिक. एवढे मूर्ख या देशात एका वर्षात निर्माण झाले, असे कोणी म्हणणार नाही. त्यात डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, बँकेत आयुष्य काढलेले लोकही आहेत.

शिवाय पैसा जाण्यासाठी ग्राहकाची चूक व्हावीच लागते, असेही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती फुटल्याचे उघड झाले. ज्या यंत्रणेतून एटीएमचे व्यवहार जात होते, तिच्यातच घातक प्रणाली शिरली होती. त्या ३२ लाख लोकांपैकी कोणी कोणाला पिन सांगितला नव्हता. बँकांना कार्डे बदलून द्यावी लागली, पिन बदलून घ्यावे लागले.

त्याहून जवळचे उदाहरण पुण्याचे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी हल्ला झाला. तो दिवस दुसरा शनिवार होता. बँका बंद होत्या. बँकेच्या व्यवस्थेत घातक प्रणाली घुसवून हल्लेखोरांनी एटीएम आणि बँकेची मुख्य प्रणाली यांच्यामध्ये आपली खोटी यंत्रणा बसवली. एटीएमकडून येणाऱ्या ‘पैसे द्यावेत का?’ या प्रश्नाला बँकेऐवजी चोरच ‘द्यावेत’ असे उत्तर देऊ लागले. बनावट कार्डे घेऊन माणसे जगभर तयार उभी होती. २८ देशांतील सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी आणि भारतातील सुमारे २,८०० व्यवहारांतून अडीच कोटी रुपये निघाले. १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या खात्यात वळवण्यात आले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. शतकाची परंपरा असलेल्या, जाणत्या माणसांनी चालवलेल्या संस्थेची ही अवस्था होते, तर एका निवृत्त शिक्षकाने लाजेने मान खाली घालण्याचे कारण काय? लाज वाटायचीच असेल, तर ती चोराला वाटावी.

कुलूप बळकट, म्हणून मालकालाच गाठायचे

गेल्या दोन दशकांत कार्डांची कुलपे दुबळी होत गेली, असे नाही. ती बळकट होत गेली. जुन्या कार्डाच्या पाठीवर काळी चुंबकीय पट्टी असे. तिच्यातील माहिती कायम तीच राहात असल्याने ती एकदा वाचली, की दुसऱ्या कोऱ्या कार्डावर उतरवता येत असे. एटीएमच्या फटीत छोटे यंत्र बसवायचे आणि वर बारीक कॅमेरा लावून पिन टिपायचा, हा त्या काळचा धंदा. उपाहारगृहात बिलासाठी नेलेले कार्ड आत जाऊन परत येईपर्यंत त्याची नक्कल झालेली असे. यावर चिपचा उपाय आला. चिप प्रत्येक व्यवहारासाठी नवा सांकेतिक पुरावा तयार करते. कालचा पुरावा आज चालत नाही. रिझर्व्ह बँकेने चुंबकीय पट्टीची जुनी कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घातली होती. त्याआधी, १ ऑगस्ट २००९ पासून, देशांतर्गत ऑनलाइन खरेदीसाठी कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक पडताळणी बंधनकारक झाली होती. ओटीपीची सवय लागली ती त्यातून. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार संकेतस्थळांना कार्डाचा मूळ क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई झाली.

कुलूप फोडणे अवघड झाले, तेव्हा चोरांनी कुलपाचा नाद सोडला आणि मालकाला गाठले. आज चोर किल्ली बनवत नाही. मालकाकडूनच मागून घेतो. त्यासाठी त्याच्याकडे दोनच हत्यारे आहेत, भय आणि लोभ. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’, ‘खाते गोठवले जाईल’, ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत’ हे भय. ‘क्रेडिट कार्डावर साठलेले गुण आज वाया जातील’, ‘परताव्याची रक्कम घ्यायची राहिली आहे’ हा लोभ. दोन्हींत एक गोष्ट समान असते: घाई. विचार करायला, कोणाला विचारायला उसंत द्यायची नाही. घाई करणारा अनोळखी आवाज ऐकला, की तेवढ्यावरूनच संशय घ्यावा, ही सर्वांत सोपी कसोटी होय.

अलीकडे या कारागिरीत भर पडली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती पत्रिका नसून भ्रमणध्वनीत शिरणारी प्रणाली असते. ती एकदा बसली, की येणारे ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ शकतात. कोणी ‘मदत करतो’ म्हणून पडदा दाखवणारे अ‍ॅप घ्यायला लावतो आणि आपण जे टंकतो ते तो पलीकडे वाचतो. कोणी आपल्या नावाचे दुसरे सिमकार्ड काढतो. तेव्हा आपल्या भ्रमणध्वनीचे नेटवर्क अकस्मात जाते आणि तासन्‌तास येत नाही. लहान गावांत तर अजून जुनीच हातचलाखी चालते. एटीएममध्ये गोंधळलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘आजोबा, मी काढून देतो’ म्हणणारा भला तरुण पिन पाहून घेतो आणि परत देताना दुसरेच कार्ड हातात ठेवतो.

दिंडी दरवाजा

यावर काहींचे उत्तर ठरलेले असते: कार्डच नको, जुने दिवस बरे होते. त्या जुन्या दिवसांत निवृत्तिवेतनासाठी तासन्‌तास रांगेत उभे राहावे लागे आणि रोकड घेऊन घरी येताना एस.टी.त खिसा कापला जाई, याचा त्यांना विसर पडलेला असतो. साधन टाकून देणे हा उपाय नव्हे. साधनाला शिस्त लावणे हा उपाय आहे.

महाराष्ट्राला ही शिस्त नवी नाही. गडाचा महादरवाजा सूर्यास्ताला बंद होत असे. मोठ्या दरवाजालाच एक लहान दिंडी असे. तिच्यातून एका वेळी एकच माणूस आणि तोही वाकून आत येऊ शकत असे. शत्रू येणारच नाही, असे गृहीत धरून गड बांधले जात नव्हते. आला तरी एकदम सारे सैन्य आत घुसू नये, अशी ती रचना होती. घरच्या पैशालाही अशीच दिंडी हवी.

ती बसवण्याची सोय प्रत्येकाच्या हातात आहे. १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, की नवे कार्ड देताना ते देशातील एटीएम आणि दुकानातील यंत्र एवढ्यापुरतेच चालू असावे. ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शाविना होणारे व्यवहार ग्राहकाने मागितले तरच सुरू व्हावेत, आणि ते सुरू-बंद करण्याची व प्रत्येकाची मर्यादा ठरवण्याची सोय ग्राहकाला असावी. बँकेच्या अ‍ॅपमध्ये दोन मिनिटांत हे करता येते. शाखेत जाऊनही करून घेता येते. परदेशी संकेतस्थळांना ओटीपीची दुसरी कडी वर्षानुवर्षे बंधनकारक नव्हती. म्हणून परदेशप्रवास संपताच तो दरवाजा बंद करणे महत्त्वाचे. सरांनी एवढे केले असते, तरी त्यांचे ६० हजार वाचले असते.

दुसरी गोष्ट, सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत. रोजच्या खर्चाचे खाते वेगळे असावे, कार्ड त्यालाच जोडलेले असावे आणि त्यात महिन्याच्या गरजेपुरतीच रक्कम असावी. आयुष्याची पुंजी ज्या खात्यात आहे, त्याला कार्ड नसले तर काही बिघडत नाही. मुदत ठेव बँकेत आहे म्हणून ती सुरक्षित, असे मानू नये. इंटरनेट बँकिंगची किल्ली चोराच्या हाती गेली, तर ठेवही घरबसल्या मोडता येते. आपली ठेव अशी मोडता येते काय, हे शाखेत विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट, बँकेचा दूरध्वनी क्रमांक. आपत्तीच्या वेळी तो संगणकावर शोधू नये, कारण शोधात चोरांनी पेरलेले खोटे क्रमांकही सापडतात. तो कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो. कार्ड हरवले तर पाठही हरवते; म्हणून तो घरच्या वहीत लिहून ठेवावा. बँकांच्या संकेतस्थळांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ हा शेवट राखून ठेवला असून त्याखाली येण्यासाठी बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. बँकेचे म्हणून जे पान उघडेल, त्याचा पत्ता याच अक्षरांनी संपतो ना, हे पाहण्याची सवय लावावी. पैसे मिळवण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही पाठ असले पाहिजे.

पहिला तास

एवढे करूनही चोर आत आला तर? तेव्हा पैशापेक्षा वेळ मोलाचा असतो. चोराने उडवलेली रक्कम एका क्षणात परदेशी जात नाही. ती आधी कोणाच्या तरी खात्यात पडते, तिथून तिचे तुकडे होतात, ते तुकडे चार-सहा खात्यांतून फिरतात आणि मग कुठल्या तरी एटीएममधून रोख होऊन निघतात. जोवर ती बँकांच्या व्यवस्थेत आहे, तोवर ती रोखून धरता येते. रोख झाली, की हाती लागणे दुरापास्त.

म्हणून क्रम लक्षात ठेवावा. प्रथम कार्ड बंद करावे. बँकेची ही सेवा रात्रंदिवस असते, सुटीच्या दिवशीही. लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर दूरध्वनी करावा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२१ मध्ये उभारलेली ही यंत्रणा पोलीस आणि बँका यांना एका साखळीत जोडते. रक्कम ज्या ज्या खात्यात गेली, तिथे तिथे ती थोपवण्याचा निरोप जातो. जुलै २०२५ मध्ये संसदेत सांगण्यात आल्याप्रमाणे या यंत्रणेमुळे तोवर ५,४८९ कोटींहून अधिक रुपये वाचले. क्रमांक लागला नाही, तर हातावर हात धरून बसू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि तिचा पोचक्रमांक लिहून ठेवावा. संशयास्पद अ‍ॅप घेतले गेले असेल, तर तो भ्रमणध्वनी इंटरनेटपासून तोडावा आणि परवलीचे शब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. नंतर बँकेला लेखी तक्रार द्यावी व प्रतीवर शिक्का घ्यावा. आलेले संदेश पुसून टाकू नयेत, तोच पुरावा. पोलीस ठाण्याने ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत पाठवण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता देता येते.

या साऱ्यानंतर आणखी एक सापळा उरतो. चार-आठ दिवसांनी कोणी तरी दूरध्वनी करून ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडे शुल्क भरा’ असे सांगतो. तो त्याच टोळीचा किंवा तिच्या भावंडांपैकी असतो.

कायदा कोणाच्या बाजूने?

‘ओटीपी तुम्हीच दिलात, आता आम्ही काय करणार?’ हे वाक्य अनेक शाखांच्या खिडकीवर ऐकू येते. त्यात अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे ग्राहकाला ठाऊक नसते, म्हणून तो मान खाली घालून परततो.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या दायित्वाची चौकट आखून दिली. १४ डिसेंबर २०१७ रोजी सहकारी बँकांसाठीही ती घालून देण्यात आली. या चौकटीचे तत्त्व असे. चूक बँकेची असेल, तर ग्राहकाचे दायित्व शून्य. त्याने कळवले असो वा नसो. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, दोष व्यवस्थेत अन्यत्र असेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास दायित्व शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास खात्याच्या प्रकारानुसार दायित्वाला मर्यादा. साध्या बचत खात्याला ती १० हजार रुपयांची होती. त्यानंतर मात्र बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सारे अवलंबून. आणि ग्राहकानेच ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे.

हे शेवटचे कलम प्रत्येक घरात मोठ्याने वाचले गेले पाहिजे. सरांचे पहिले १ लाख ४० हजार या नियमाने त्यांच्याच पदरात पडले असते. परंतु शनिवारी रात्री त्यांनी कार्ड बंद करून घेतले असते, तर रविवारची ६० हजारांची चोरी एक तर झालीच नसती, किंवा झाली असती तर बँकेच्या माथी गेली असती. चूक आपली असली तरी कळवण्यातच हित आहे, हे कायदाच सांगतो. संकोचाची किंमत रुपयांत मोजता येते, ती अशी.

याच चौकटीत आणखी दोन गोष्टी होत्या. ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर ठेवली होती, आणि ज्या व्यवहारात ग्राहकाचा दोष नाही त्याची रक्कम कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत खात्यात तात्पुरती जमा करण्यास सांगितले होते. नियमांत काळानुसार बदल होत असतात. म्हणून आपल्या बँकेचे याविषयीचे सध्याचे लेखी धोरण शाखेतून मागून घ्यावे. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

ग्राहकाला उपदेश करताना बँकांनाही चार शब्द ऐकवणे प्राप्त आहे. कार्ड विकताना घरी माणूस पाठवणारी बँक कार्ड बंद करण्यासाठी ग्राहकाला दूरध्वनीवर ‘एक दाबा, दोन दाबा’ करीत अर्धा तास ताटकळत ठेवते, हे भूषणावह नाही. सत्तर वर्षांच्या माणसाच्या खात्यातून मध्यरात्री लागोपाठ मोठ्या रकमा जाऊ लागल्या, तर ते विपरीत आहे हे यंत्रणेला कळले पाहिजे. आणि तक्रार घेऊन आलेल्या वृद्धाकडे पाहून हसणारा कर्मचारी हा चोराचा अनाहूत साहाय्यक असतो. त्या हसण्याच्या भीतीनेच पुढचे दहा जण गप्प बसतात.

भाड्याने दिलेले खाते

कॉसमॉस प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवून शिक्षा दिल्या. हल्ल्याचे सूत्रधार परदेशातून हालचाली करणारे. शिक्षा झाली ती इथे बनावट कार्डांनी पैसे काढणाऱ्या साखळीला. परदेशी बसलेल्या चोराला स्थानिक हात लागतात, हा त्याचा धडा. आज ते हात एटीएमबरोबरच बँक खात्यांच्या रूपानेही मिळतात. महाविद्यालयात शिकणाऱ्या किंवा नोकरीच्या शोधातील तरुणाला कोणी तरी सांगते, ‘‘तुझं खातं दे, पासबुक आणि सिम दे, महिन्याला काही हजार मिळतील.’’ त्याला वाटते, खात्यात शंभर रुपये आहेत, जाणार काय? त्याच खात्यातून कोणा मुख्याध्यापकाची पुंजी वाहून जाते. पोलीस येतात ते खातेदाराच्या घरी. मूळ चोराचे नावही त्या मुलाला ठाऊक नसते. शिक्षण, नोकरी, पारपत्र, सगळ्यावर पाणी पडते. घरातील तरुण मुलांशी या विषयावर बोलणे हे वृद्धांना ओटीपी समजावण्याइतकेच निकडीचे आहे. ज्या घरातून खाते भाड्याने जाते आणि ज्या घरातून पैसे जातात, ती दोन्ही घरे आपल्याच गावातली असतात.

घराघरातले काम

हे काम पोलिसांचे, बँकेचे आणि सरकारचे आहे, असे म्हणून चालणार नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी तथाकथित ‘डिजिटल अरेस्ट’विषयी सावध करताना थांबा, विचार करा आणि मग कृती करा, हा मंत्र दिला. तो मंत्र प्रत्यक्ष उंबरठ्याच्या आत न्यायला माणसेच लागतात. प्रत्येक वस्तीत चार जाणती, विश्वासू माणसे असतात. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ ज्येष्ठांसाठी द्यावी: कार्डाच्या मर्यादा घालायला शिकवाव्यात, वहीत बँकेचा क्रमांक आणि १९३० लिहून द्यावा, तक्रारीच्या वेळी सोबत जावे. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. मदत करणाऱ्याने कोणाचा पिन विचारू नये, कोणाचे कार्ड हातात घेऊ नये, कोणाचा ओटीपी वाचू नये. ‘आमच्या माणसाला सांगितला तर काय झाले?’ ही सवय लागली, की उद्या तोच ‘आमचा माणूस’ बनून चोर दारात उभा राहील.

परंतु सर्वांत मोठे काम घराच्या आतले आहे. आपल्या घरांत पैशाचे बोलणे बहुधा वडीलधाऱ्यांच्या चुकीवर बोट ठेवण्यासाठी होते किंवा मुलांच्या खर्चावर टीका करण्यासाठी. म्हणून पैसा गेला, की तो माणूस प्रथम घरापासून लपतो. पूर्वी रोजचा जमाखर्च वहीत मांडला जाई. रात्री हिशेब जुळला नाही, तर सगळे मिळून चूक शोधत. चूक कोणाची, यापेक्षा ती सापडली याचे समाधान मोठे असे. तीच रीत आठवड्यातून अर्धा तास पुन्हा आणता येईल. खात्यांचे संदेश एकत्र बसून पाहावेत, कोणाला कसला विचित्र दूरध्वनी आला ते मोकळेपणाने सांगावे. आणि एक करार आधीच करून ठेवावा: फसलेल्या माणसाला पहिले चोवीस तास कोणी एका शब्दानेही बोलायचे नाही.

लग्नमंडपात ‘सावधान’ हा शब्द ऐकून समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. इतर साऱ्यांच्या कानावरून तो शब्द नुसता वाहून गेला. एकाने तो ऐकला आणि त्याच क्षणी पाऊल उचलले. सावधपणा म्हणजे भिऊन बसणे नव्हे. कळल्या क्षणी पाऊल उचलणे होय. शनिवारच्या त्या संध्याकाळी सरांच्या घरी एवढेच घडायला हवे होते. सरांनी ‘‘अहो, माझ्या हातून चूक झाली’’ असे म्हणायचे आणि बाईंनी ‘किती गेले?’ हे न विचारता ‘‘असू दे. आधी कार्ड बंद करा, मग १९३० लावा’’ असे म्हणायचे. गेलेले १ लाख ४० हजार कदाचित परत आले असते, कदाचित नसते. पण चोराला त्या घरात दुसऱ्यांदा पाऊल ठेवता आले नसते.